एनू इल्री

कमालनगरच्या अलीकडे एक वळण आहे. तसं अवघड काही नाही. एका अंगाला उसाचा फड, दुसऱ्या अंगाला कडुलिंबाची रांग, आणि एखादी बैलगाडी आडवी येईल या भीतीनं सगळेच तिथं वेग कमी करतात. आईला डोळे दाखवायला उदगीरला नेत होतो. जूनची सकाळ, सव्वासातचा सुमार, मृगाची भुरभुर चालू. वळणावर स्टिअरिंग फिरवायला गेलो आणि ते फिरेना. अडकलं असं नाही, पण आदल्या रात्रीपर्यंत एका बोटानं फिरणारं चाक भरल्या रहाटासारखं जड झालं. समोर पिवळा दिवा लागला होता: चाकाचं चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह. दोन्ही हातांनी ओढत, सीटवरून अर्धवट उठत गाडी कशीबशी वळवली आणि कडेला घेतली.

मागून आई म्हणाली, "काय झालं रे? हवा गेली का?"

किल्ली बंद केली, पुन्हा चालू केली. दिवा गेलेला. स्टिअरिंग लोण्यासारखं. उदगीरला गेलो, आईच्या डोळ्यांत थेंब घातले, दुपारी उन्हात परत आलो. त्याच वळणावर मुद्दाम गाडी डावी-उजवी करून पाहिली. काही नाही.

दुसऱ्या दिवशी भालकीतल्या आमच्या नेहमीच्या गॅरेजात गेलो. पोरानं गाडी घेतली, बाजार गल्लीतून एक चक्कर मारली, दोनदा गोल फिरवली आणि उतरता उतरता म्हणाला, "एनू इल्री, सर." काहीच नाही हो.

पुढच्या तीन महिन्यांत हे दोन शब्द मी कानडीत ऐकले, मराठीत ऐकले, बिदरच्या दखनीत "कुछ बी नै" असे ऐकले. तोपर्यंत खिशातून नऊ हजार तीनशे रुपये गेले होते आणि स्टिअरिंग आपल्या मर्जीनं जड होतच होतं.

*

जुन्या माणसांना तिजारा ताप आठवत असेल. एक दिवस माणूस हुडहुडी भरून गोधडीखाली, दुसऱ्या दिवशी शेतात, तिसऱ्या दिवशी पुन्हा गोधडीखाली. डॉक्टरकडे न्यावं तर नेमका बरा असलेला दिवस. म्हणून शहाणे डॉक्टर सांगायचे, ताप चढलेला असताना रक्त घ्या. गाडीतला येणारा-जाणारा बिघाड हा तिजाऱ्याचाच भाऊ. फरक एवढाच की गाडी ताप चढलेला असताना गॅरेजच्या दारात उभी करता येत नाही.

मुळात स्टिअरिंग हलकं असणं ही नंतरची चैन. अॅम्बेसेडर चालवलेल्या माणसांचे दंड बघावेत. इंजिनावर चालणाऱ्या पंपानं तेलाचा दाब देऊन चाक वळवायला मदत करणारी यंत्रणा क्रायस्लर कंपनीनं १९५१ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत आणली. तेलाऐवजी विजेची मोटर लावलेली पहिली गाडी म्हणजे जपानमधली १९८८ची सुझुकी सर्व्हो. आज आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत ही विजेचीच यंत्रणा असते, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांत ती स्टिअरिंगच्या दांड्यावर, डॅशबोर्डच्या पोटात बसवलेली असते. गॅरेजात तिला नुसतं "कॉलम" म्हणतात.

तिचं काम समजायला सोपं आहे. दांड्यात एक बारीक, पिळली जाणारी सळई असते. आपण चाक फिरवतो तेव्हा ती किंचित पिळते. किती पिळली हे एक सेन्सर मोजतो, गाडीचा वेग किती हे दुसरीकडून कळतं, आणि एक छोटा संगणक मोटरला सांगतो, एवढा जोर लाव. गाडी उभी असताना किंवा हळू वळताना सगळ्यात जास्त जोर लागतो आणि त्या क्षणी मोटर पन्नास-पन्नास अँपिअरपर्यंत वीज ओढू शकते. एवढी वीज वेळेवर आली नाही किंवा सेन्सरचं बोलणं तुटक ऐकू आलं, तर संगणक चुकीची मदत करण्यापेक्षा मदतच बंद करतो आणि दिवा लावतो. किल्ली बंद करून चालू केली की तो नव्यानं तपासतो, सगळं ठीक दिसलं तर कामाला लागतो.

म्हणजे जड होणं हा बिघाड आहे, तशीच ती सावधगिरीही आहे. दांडा चाकांना जोडलेलाच असतो, गाडी वळतेच, फक्त जोर आपला लागतो. हे मला आधी माहीत असतं तर कमालनगरच्या वळणावर छातीत धस्स झालं ते जरा कमी झालं असतं. वेग असताना हा जडपणा फारसा जाणवतही नाही. जाणवतो तो वळणावर, बाजारात, गाडी लावताना. चालत्या गाडीत मात्र किल्लीला हात लावायचा नाही. दोन्ही हातांनी धरायचं, वेग उतरवायचा, कडेला घ्यायचं, मग काय ते.

याउलट स्टिअरिंग सैल लागणं, खटखट वाजणं, एका बाजूला ओढणं, हात सरळ असून गाडी वाकडी जाणं ही घराणी वेगळी. तिथं टाय रॉड, बॉल जॉइंट, दांड्याचा क्रॉस यांपैकी काहीतरी झिजलेलं असतं. जड स्टिअरिंग घेऊन माणूस हळूहळू घरी पोचतो. सुटलेला टाय रॉड घेऊन पोचेलच असं नाही. तिथं गाडी जागेवर थांबवून ओढून न्यायची, ओढायचे पैसे कितीही होवोत.

*

आमचा मुलूखच स्टिअरिंगची परीक्षा घेणारा. बिदर शहर जांभ्याच्या पठारावर बसलंय. किल्ल्याचा तिहेरी खंदक त्याच दगडात कोरलेला. पठार उतरून भालकीकडे किंवा खाली कलबुर्गीकडे निघालं की काळी जमीन लागते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता चार पावसाळ्यांत घडी पडलेल्या सतरंजीसारखा होतो. त्यात हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या, तुरीच्या गाड्या आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी गावकऱ्यांनी आपल्या मापानं घातलेले गतिरोधक. सुगीत घरामागे तुरीची पोती लागली की उंदीर येतात आणि त्यांना गाडीच्या वायरीही गोड लागतात.

शिवाय हा सीमेचा मुलूख. हैदराबाद राज्यातल्या जुन्या बिदर जिल्ह्याचे १ नोव्हेंबर १९५६ला तीन वाटे झाले: भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात, उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. नकाशे बदलले, माणसांचं जाणं-येणं तसंच राहिलं. लेक उदगीरला दिलेली, कोर्ट बिदरला, मोठा दवाखाना सोलापूर नाहीतर हैदराबादला, नवस गाणगापूरचा, पौर्णिमेची वारी माणिकनगरची. आमच्याकडे गाडी चैनीसाठी कमी आणि या तीन राज्यांत विखुरलेल्या संसाराला शिवण घालायला जास्त लागते.

गाडीचंही तसंच. माझी गाडी लातुरात वापरलेली घेतली, एमएच-२४ची. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमाप्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. ना-हरकत दाखला, कर, चकरा सगळं करून ती केए-३९ झाली. स्पेअर पार्ट सांगितला की तो हैदराबादहून येतो. दुरुस्तीची भाषा दखनी, पावती इंग्रजीत, भांडण मराठीत आणि शेवटचा निकाल कानडीत: एनू इल्री.

*

आता खर्चाचा हिशेब. मास्तर माणूस असल्यामुळे तो माझ्याकडे लिहिलेला आहे.

पहिल्यांदा एकानं सांगितलं, अलाइनमेंट गेलंय. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचे सातशे. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकात स्टिअरिंग जड. मग दुसऱ्यानं गाडी जॅकवर चढवून चाक हलवून दाखवलं, बघा, टाय रॉड एंडमध्ये प्ले आहे. होता, मीही पाहिला. दोन्ही बाजूंचे बदलून मजुरीसह दोन हजार चारशे, आणि परत अलाइनमेंट करावं लागतं म्हणून चारशे. प्ले गेला, जडपणा राहिला. बिदरला एकानं स्कॅनर लावला, पाचशे. स्कॅनरवर कोड निघाला. व्होल्टेज कमी असल्याचा. "बॅटरी वीक है." बॅटरी चार वर्षांची होतीच. नवी घातली, चार हजार आठशे. आठवडा बरा गेला. आषाढातल्या एका पावसाळी सकाळी पुन्हा तेच. दुसरीकडे पुन्हा स्कॅनर, पुन्हा पाचशे. तिथं सांगण्यात आलं की कोड व्होल्टेजचा असला तरी दोष आतल्या संगणकात असणार, तो सुटा मिळत नाही, पूर्ण कॉलम बदलावा लागेल. नवा बेचाळीस हजार, मजुरी वेगळी. जुना हवा तर हैदराबादहून मागवू, पंधरा हजारांत बसवून देऊ.

"जुन्याची गॅरंटी?"

"सर, जुन्या मालाला कसली गॅरंटी?"

"आणि नवा घालून गेलं नाही तर?"

यावर तो माणूस प्रामाणिकपणे हसला.

इथपर्यंतची माझी समजूत अशी की मला लुटायला लागलेत. नंतर बसवकल्याणच्या हमरस्त्यावर, सस्तापूर बंगल्याजवळ, ट्रकच्या गॅरेजांच्या ओळीत एक दुपार काढली तेव्हा ती समजूत जरा ढिली पडली. पुणे-हैदराबाद महामार्गावरचा हा नाका. बसवकल्याण हे ट्रकवाल्यांचं गाव, इथं बॉडी बांधण्यापासून डिफरन्शियल उघडण्यापर्यंत सगळी कामं चालतात. पन्नाशीचा एक मिस्त्री स्टूलवर चहा पीत मला म्हणाला, "मास्तर, तुमी पार्टचे पैसे देताव. बसवायचे देताव. हुडकायचे कोण देतंय? मी चार तास वायर धरून बसलाव आन् शेवटी एक नटबोल्ट आवळला, तर गिऱ्हाईक म्हणतंय, एक नट आवळायचे हजार रुपये? म्हणून मग पोरं पार्ट बदलतेत. पार्ट दिसतो. हुडकलेलं दिसत नाही."

हे वाक्य मला फार दिवस पुरलं. आपल्याकडच्या दुरुस्तीच्या धंद्याचं सगळं अर्थशास्त्र त्यात आहे. टायर पंक्चर असेल तर खिळा दाखवता येतो. येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडात दाखवायला काहीच नसतं, म्हणून जो तो दाखवता येईल असा पार्ट बदलतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरात तर सुटी वायर दुरुस्त करण्याऐवजी पूर्ण असेंब्ली बदलण्याकडेच कल असतो, कारण जबाबदारी कंपनीच्या डब्यावर राहते. बिघाड एकच. त्याची किंमत साडेतीनशे की बेचाळीस हजार, हे तो कुणाच्या हाती सापडतो यावर ठरतं.

बिदरीचं काम करणाऱ्यांविषयी आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट आहे. जस्त आणि थोड्या तांब्याच्या भांड्यावर चांदी जडवून झाली की शेवटी ते किल्ल्यातल्या जुन्या जागेची माती आणि नवसागर यांच्या पाण्यात घालतात. धातू काळा होतो, चांदी तशीच पांढरी राहते. पण माती कोणती घ्यायची? कारागीर चिमूटभर जिभेवर ठेवून पारखतो. भांड्याची किंमत मोजताना गिऱ्हाईक चांदी धरतं, मजुरी धरतं. त्या जिभेची किंमत वेगळी कुणी लावत नाही.

*

आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराला कालनिर्णय लटकलेलं असतं. आई त्याच्या चौकटींत दुधाचा हिशेब लिहिते. अर्धा लिटर, एक लिटर, "आला नाही". महिनाअखेरी दूधवाल्यानं एक दिवस जास्त लावला की आई कालनिर्णय पुढं करते आणि तो मुकाट्यानं पैसे कमी करतो. जुलैत बॅटरी बदलल्यानंतरही स्टिअरिंग जड झालं त्या दिवशी आईच म्हणाली, "तू नुसता चिडतोस. लिहून ठेव की."

मग दुधाच्या शेजारी "स्टि." पडायला लागलं. वेळ. गाडी चालू करून किती मिनिटं झाली. दिवे, वायपर, एसी चालू की बंद. पाऊस की ऊन. आधीच्या जूनच्या नोंदी आठवून घातल्या. सप्टेंबरअखेरीपर्यंत अकरा झाल्या. एका रविवारी चार महिन्यांची पानं जमिनीवर पसरली आणि शाळेतल्या पोरांना मी शिकवतो तसं स्वतःलाच विचारलं, यात सारखं काय आहे?

अकरापैकी नऊ वेळा गाडी सुरू केल्यापासून पहिल्या दहा मिनिटांत. दहा वेळा सकाळी. आठ वेळा हेडलाइट किंवा वायपर चालू. भर दुपारी, गाडी तापलेली असताना, एकदाही नाही. आणि गॅरेजात मी गाडी नेहमी कधी न्यायचो? शाळा सुटल्यावर, साडेचारला, बाजारातून फिरून, गाडी चांगली तापवून. ताप उतरल्यावर रोगी दाखवत होतो.

ती पानं घेऊन मी बंगल्यावरच्या त्याच मिस्त्रीकडे गेलो. त्यानं शेजारच्या वायरिंगवाल्याला हाक मारली. साठीकडे झुकलेला, चष्म्याला दोरी बांधलेला माणूस. त्यानं कालनिर्णयाची पानं उलटी-सुलटी करून पाहिली, मराठी वाचता येत नव्हतं म्हणून मला वाचायला लावली आणि म्हणाला, "गाडी यहीच छोड़ के जाव. सुबू आव. ठंडी गाडी होना मेरेकू."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला पोचलो. त्यानं पार्टला हात लावला नाही. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, दुसरी गाडीच्या बॉडीच्या उघड्या लोखंडाला. इंजिन चालू. आकडा जवळजवळ शून्य. "अब लाइट." थोडा हलला. "वायपर. फॅन फुल. अब स्टेरिंग पूरा मारो, लॉक तक." मी फिरवलं. आकडा उडी मारून दीडवर गेला, खाली आला, पुन्हा वर. "हौ," तो म्हणाला. एवढंच. चांगल्या जोडात तिथं दोन-तीन दशांशाच्या आतच राहायला हवा, तिथं दीड व्होल्ट हवेत जात होते. बॅटरीवर चौदा व्होल्ट असूनही स्टिअरिंगच्या संगणकापर्यंत पोचताना पाणी वाटेतच मुरत होतं, पाटाला भगदाड असल्यासारखं.

त्यानं बॅटरीचा ट्रे काढला. खाली बॉडीला बोल्टनं आवळलेली काळी जाड केबल होती. वरून धडधाकट. त्यानं बोल्ट सोडला तेव्हा तांब्याच्या तोंडावर हिरवा थर आणि आत अर्ध्याहून जास्त तारा तुटलेल्या. रात्रभर थंड झालेल्या जोडातून सकाळी कमी वीज वाहायची. त्यात बॅटरी भरून घ्यायला ओढणार, दिवे ओढणार आणि मी वळण घेतलं की मोटर ओढणार. गाडी चालून सगळं तापलं, बॅटरीची भूक भागली, की जोड पुन्हा धड वागायचा. नवी बॅटरी टाकली तेव्हा आठवडाभर बरं वाटलं, कारण टर्मिनल काढताना-घालताना केबल हलली होती.

गॅरेजात या तारेला "अर्थ" म्हणतात. अर्थ लूज, अर्थ गेला. मराठी मास्तरला यावर विनोद सुचणारच. पण तीन महिने माझ्या बाबतीत दोन्ही अर्थ सारखेच गेले होते.

त्यानं नवी केबल, नवा लग घातला, लोखंड घासून चकचकीत केलं, ग्रीस लावलं, पुन्हा मोजून दाखवलं. कागदाच्या चिठोऱ्यावर बिल लिहिलं: केबल ३५०, ढूंडने के ५००. मी हजार दिले आणि दीडशे परत घेतले नाहीत. "पक्का बोलूं?" तो म्हणाला, "पक्का नै बोलता. बारिश जाने दो. ठंडी में देखो. हुआ तो ये कागज़ लाव." कागज म्हणजे कालनिर्णय.

*

माझी गाडी जुनी, तिचं कुणाकडे काही मागणं नव्हतं. पण आळंदचे एक सहकारी नवी गाडी घेऊन याच फेऱ्यात सापडले होते. गाडी वॉरंटीत, दर वेळी सर्व्हिस सेंटरात तपासणी आणि दर वेळी जॉब कार्डावर एकच शेरा, दोष आढळला नाही. तोंडी सांगितलेली तक्रार लिहिताना तिथला माणूस "जनरल चेकअप" लिहायचा. सहकाऱ्यांनी पुढं दोन गोष्टी केल्या. तक्रार स्वतःच्या शब्दांत जॉब कार्डावर लिहून घेतल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, आणि दिवा लागला की शेजारी बसलेल्या मुलानं मोबाइलवर चित्रण करायचं: दिवा, चाक आणि घड्याळ एकाच चौकटीत. तिसऱ्या चित्रणानंतर कॉलम वॉरंटीत बदलून मिळाला.

हे गाऱ्हाणं एकट्या-दुकट्याचं नसतं. जनरल मोटर्सनं ३१ मार्च २०१४ रोजी विजेच्या स्टिअरिंगची मदत अचानक जाण्याच्या दोषासाठी अमेरिकेत सुमारे तेरा लाख गाड्या परत बोलावल्या. आपल्याकडे मारुती सुझुकीनं जुलै २०२३ मध्ये टाय रॉडच्या संशयित दोषासाठी एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या बोलावल्या, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये स्टिअरिंग गिअर बॉक्सच्या शंकेवरून २,५५५ अल्टो के१०. या अल्टोवाल्यांना तर पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नका असंच सांगितलं होतं. म्हणून पैसे खर्च करण्याआधीचं पहिलं काम फुकटचं आहे: कंपनीच्या संकेतस्थळावर आपला चासी नंबर घालून बघणं. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनं ११०-अ हे कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून, पुरेशा तक्रारी जमल्या तर सात वर्षांच्या आतल्या गाड्या परत बोलावायला सरकार कंपनीला भाग पाडू शकतं. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. पण तक्रारी जमायला त्या आधी कुठंतरी लिहिलेल्या असाव्या लागतात.

ग्राहक आयोगाची वाट सीमेवरच्या माणसाला पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. गाडी सोलापुरात घेतली, हैदराबादेत घेतली, तरी भालकीच्या माणसाला बिदरचं दार आहे. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आधी फिरवून बघावा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नोटीस मात्र विक्रेता आणि कंपनी दोघांना पाठवावी. गोव्यातल्या एका गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये म्हटलं की विक्रेत्यानं केलेल्या लबाडीचा भार, कंपनीला ती ठाऊक होती हे दाखवल्याशिवाय, कंपनीवर टाकता येणार नाही. विम्याची आशा धरू नये. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक किंवा विजेचा बिघाड आणि झीज वगळलेली असते.

आणि तिथंही शेवटी तोच प्रश्न येतो. कायद्याचं ३८वं कलम म्हणतं की चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवावी. तज्ज्ञ गाडी तपासतो त्या दिवशी ऊन असतं, गाडी तापलेली असते, आणि अहवालात इंग्रजीत तेच दोन शब्द येतात जे मी कानडीत ऐकले होते. अशा वेळी ग्राहकाच्या बाजूनं साक्ष द्यायला तारखांची जॉब कार्डं, चित्रणं आणि एखादी वही एवढंच असतं. दूधवाल्यापुढं आईनं धरलेलं कालनिर्णय आयोगापुढंही धरता येतं.

*

पाऊस गेला. दसरा झाला. नवरात्रात माणिकनगरला जाऊन आलो, पहाटे पाचला निघून, दिवे लावून. चौकटींत फक्त दूध आहे. कमालनगरच्या वळणावर मात्र अजून माझे दोन्ही हात आपोआप घट्ट होतात आणि मागून आई, "बघ हं," म्हणतेच.

मधल्या एका संध्याकाळी ऑइल बदलायला गावातल्या त्या पहिल्या गॅरेजात गेलो. पोराला सगळं सांगितलं, केबल कुठं असते ते बॉनेट उघडून दाखवलं. त्यानं वाकून पाहिलं, बोल्टला बोट लावलं, आणि जरा रागानंच म्हणाला, "सर, सकाळी होतंय म्हणून तवाच सांगायचं की." सांगितलं होतं की नाही, मलाच आठवेना. जड होतं एवढं नक्की सांगितलं होतं.

तेवढ्यात औरादकडचा एक शेतकरी आला. टमटमचा दिवा मधूनच जातो म्हणाला, आत्ता बघा तर लागतोय. पोरानं नेहमीप्रमाणे किल्लीकडे हात नेला, आणि मग तो तिथंच थांबवून विचारलं, "कवा जातोय, मामा? निघाल्या निघाल्या, का गाडी तापल्यावर?"